पांडामाटेंगा ते कसाने : हत्तींना वाट देत

बोत्स्वानातल्या ए-33 रस्त्यावर सायकल चालवायची तर आधी पहाटे निघायची सवय मोडावी लागते. आम्ही सोलापूरची माणसं. पंढरपूर असो की विजापूर, उन्हाच्या आत निम्मं अंतर कापायचं म्हणून साडेचारला दिवे लावून निघणारी. पांडामाटेंगात आदल्या संध्याकाळी ज्याला त्याला विचारलं, आणि प्रत्येकाने तेच सांगितलं: सकाळी आठच्या आत निघू नका, दुपारी चारनंतर रस्त्यावर दिसू नका. पेट्रोल पंपावरच्या बाई म्हणाल्या, "सकाळी रस्ता त्यांचा असतो." त्यांचा म्हणजे हत्तींचा, आणि अधूनमधून सिंहांचाही.

म्हणजे साधारण 100 किलोमीटरसाठी हातात आठ तास. डांबर चांगलं, चढ नावापुरते, एरवी हे अंतर दुपारच्या जेवणापर्यंत उरकलं असतं. पण या आठ तासांत थांबण्यात किती जाईल हे आपल्या हातात नसतं.

आमचा रस्ता नाटापासून उत्तरेला, कसानेजवळच्या कझुंगुलापर्यंत. जवळजवळ 300 किलोमीटरच्या या पट्ट्यात गाव म्हणावं असं पांडामाटेंगा हे एकच. बाकी दोन्ही बाजूंना मोपाने नावाच्या झाडांचं रान, मोबाइलचे मनोरे, आणि एका ठिकाणी लाळ्या-खुरकूतचं नाकं, जिथे बूट औषधाच्या फडक्यावर पुसून पुढे जावं लागतं. बरोबर काका. काका म्हणजे बाबांचे मित्र, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चालत्या सायकलीच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की चेन सैल झालीय ते सांगणारे. त्यांच्याशिवाय मी या रस्त्याला आले नसते, आणि माझ्याशिवाय काकूंनी त्यांना येऊ दिलं नसतं.

हत्ती इथे किती, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झाम्बिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांत मिळून जो मोठा संरक्षित पट्टा आहे, त्याला काझा म्हणतात. तिथल्या 2022 च्या हवाई गणनेत सुमारे 2,28,000 हत्ती आढळले. त्यातले 1,32,000 च्या आसपास एकट्या बोत्स्वानात. देशाची माणसं साधारण 24 लाख. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. या रस्त्याच्या उजवीकडे काही किलोमीटरवर झिम्बाब्वेची हद्द आणि तिथली ह्वांगे, माटेत्सीची जंगलं, डावीकडे चोबे उद्यान. हद्दीला कुंपण नाही. ऑगस्टमध्ये रानातली डबकी आटली की हत्ती पाण्यासाठी इकडून तिकडे जातात, आणि मधे आडवा येतो हा रस्ता. खरं तर त्यांच्या वाटेत आडवा आलेला रस्ताच.

निघण्याआधीची तयारी थोडी वेगळी होती. पाणी माणशी सात लिटर, कारण कसानेच्या अलीकडच्या लेसोमापर्यंत दुकान नाही. पिशवीत चार संत्री उरली होती, ती पंपावरच्या पोरांना देऊन टाकली. संत्र्याचा वास हत्तीला फार लांबून लागतो आणि त्यासाठी तो तंबूही फाडतो असं इथे सगळेच सांगतात. काकांनी पत्र्याचा मग पिशवीला बाहेरून बांधला, मुद्दाम खडखडत राहावा म्हणून. सायकलचा धोका असा की ती आवाज करत नाही. गाडी येतेय हे हत्तीला दूरवरून कळतं. सायकल एकदम शेजारी उगवते, आणि दचकलेला हत्ती काय करेल ते सांगता येत नाही.

कोपऱ्यावर एक आजी मॅग्विन्या तळत होत्या. मैद्याचे फुगलेले गोळे, आतून मऊ, वरून कुरकुरीत. "दुमेला म्मा" म्हणून आम्ही सहा घेतले. दोन तिथेच संपले.

गाव सुटल्यावर पहिले काही किलोमीटर शेती आहे, आणि तिथे काका जे थांबले ते हलायला तयार होईनात. नाटापासून पायाखाली कालाहारीची पांढुरकी वाळू होती. इथे अचानक काळी जमीन. नुसती काळी नाही, आपली काळी कापसाची जमीन, भेगा पडलेली, बोट आत जाईल इतक्या रुंद. काकांनी ढेकूळ उचललं, चुरलं, पाण्याचे दोन थेंब टाकून बोटांत मळलं आणि म्हणाले, "अगं, ही तर मंगळवेढ्याची माती." समोर कापणी झालेल्या ज्वारीची धसकटं उभी होती. पांडामाटेंगा ही बोत्स्वानाच्या ज्वारीची मोठी पेठ. मैलोन् मैल सपाट रान, कंबाइन हार्वेस्टरने कापलेलं, आणि भोवती विजेच्या तारांचं कुंपण, हत्तींसाठी. कुंपणाच्या कडेला काम करणारा एक माणूस भेटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तार आहे तोवर ठीक, पण हत्तीला कळलंय की सुळ्याला करंट लागत नाही, आणि खांब ढकलला की तार आपोआप खाली येते. दोडामार्गच्या बागायतदाराशी याची गाठ घालून दिली तर दोघांना दुभाष्याची गरज पडणार नाही. सिंधुदुर्गात माड आणि केळी, इथे ज्वारी, वैताग तोच.

याच गावात 1870 च्या दशकात जॉर्ज वेस्टबीच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याचं ठाणं होतं, हस्तिदंताच्या व्यापारासाठी. हद्दीवरून जाणाऱ्या जुन्या कच्च्या वाटेला अजून हंटर्स रोड म्हणतात. ज्या जागेवरून सुळे गाड्या भरभरून दक्षिणेला गेले, तिथेच आज हत्ती पिकात येऊ नये म्हणून सरकार तारा ओढतंय. शिकारबंदी बोत्स्वानाने 2014 मध्ये आणली आणि 2019 मध्ये उठवली. शहरातल्या आणि बाहेरच्या लोकांना हे उलटं पाऊल वाटलं. त्या कुंपणाजवळच्या माणसाला तसं वाटत नव्हतं, आणि त्याच्यापुढे उभं राहून त्याला शिकवायला मीही गेले नाही.

शेती संपली, रान सुरू झालं, आणि आमचं खरं काम सुरू झालं. वन्यजीव खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने आदल्या रात्री नियम नीट समजावले होते. हत्ती दिसला की आहे तिथे थांबायचं, अंतर निदान शंभर मीटर. आधी पिल्लं शोधायची. पिल्लू असेल तर आईच्या आणि त्याच्या मधे कधीच यायचं नाही. कान पसरून डोकं हलवतोय म्हणजे तो ताकीद देतोय, तेव्हा हळूहळू मागे सरायचं. कान मागे चिकटवून सोंड आत वळवली तर ती ताकीद नव्हे. "मग काय करायचं?" मी विचारलं. "तिथपर्यंत जायचंच नाही," तो म्हणाला.

एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती, ती काकांनी रस्त्यावर शोधली. ऑगस्टचा वारा पूर्वेकडून, म्हणजे आमच्या उजव्या कुशीवर. त्यामुळे उजवीकडच्या हत्तीचा वास आम्हाला आधी यायचा, आणि डावीकडच्या हत्तीला आमचा. हत्तीची नजर बेताची, नाक मात्र जबरदस्त. डावीकडचे म्हणून कमी काळजीचे: त्यांना आम्ही कळलेलो असायचो, ते सोंड वर करून हवा हुंगायचे आणि बहुतेक वेळा आपणहून आत सरकायचे. उजवीकडे कान आणि नाक सतत जागं ठेवावं लागे. फांदी मोडल्याचा कडकडाट, पोटातली गुरगुर, आणि तबेल्यासारखा उग्र, आंबूस वास. डोळ्यांचा उपयोग सगळ्यात शेवटी. पानगळीतलं मोपाने तांबूस-करडं, हत्तीही मातीत लोळून त्याच रंगाचा. तीस मीटरवर उभा असला तरी झाड समजून पुढे जाल.

रस्त्यावर लीद जागोजागी. ताजी कोणती आणि जुनी कोणती हे काका बुटाच्या टोकाने उलटून सांगायला लागले. ताजी असेल तर आतून ओलसर हिरवट आणि कोमट, वाफ सकाळी स्पष्ट दिसते. आत काय नव्हतं! सालीचे लांब धागे, न पचलेल्या बिया, अंगठ्याएवढ्या काटक्या. हत्ती खातो फार आणि पचवतो अर्धवट, म्हणून एका लिदीवर किती जणांचं पोट चालतं ते पाहात बसावं. पिवळ्या चोचीचे धनेश उतरून चोचीने गोळे फोडत होते, तित्तिर पायांनी उकरत होते. एका ठिकाणी शेजारीच खडूसारखी पांढरी विष्ठा पडली होती, ती तरसाची. हाडं चावून खाल्ली की त्यातल्या चुन्याने असा रंग येतो. ती पाहून काका पुढची दहा मिनिटं माझ्या बरोबरीने सायकल चालवत राहिले.

जिराफ मात्र सायकलीला घाबरतात, हे मला नवीन होतं. गाडीकडे ढुंकून न बघणारे तीन जिराफ आम्हाला बघून माना ताठ करून उभे राहिले आणि मग त्या संथ, तरंगत्या चालीने पळाले. कुडू हरणंही तशीच. आम्ही त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच आकारात बसत नसू. सफारीच्या जीपमधून प्राणी जवळून दिसतात ते ती जीप त्यांना माहीत असते म्हणून. सायकलवरून प्राणी लांबून दिसतात, पण ते तुमची दखल घेतात. मला हेच जास्त आवडलं. फोटो मात्र फारसे चांगले आले नाहीत.

निम्म्या वाटेच्या थोडं अलीकडे कळप आला. समोरून येणाऱ्या ट्रकने आधी दिवे मारले, खिडकीतून हात काढून सोंडेची खूण केली. पुढचं वळण ओलांडलं तर रस्ता भरलेला. माद्या आणि पिल्लं, डावीकडून उजवीकडे जात होत्या. आम्ही दोनशे मीटरवर सायकली आडव्या न टाकता हातात धरून उभे. सगळ्यात लहान पिल्लू आईच्या पोटाखालून चालत होतं, सोंडेचं काय करायचं ते अजून न कळलेलं. ती इकडेतिकडे फेकली जात होती. वीस मिनिटांत बहुतेक कळप पलीकडे गेला. पण दोन माद्या आणि ते पिल्लू उजव्या साइडपट्टीवरच चरत राहिले. रस्त्याची कड दरवर्षी साफ करतात, तिथे कोवळा पाला फुटतो, आणि तो सोडून आत जायचं त्यांना काही कारण नव्हतं. अर्धा तास गेला. मग पाऊण. काकांनी डब्यातली कडक भाकरी काढायला हात घातला, वास जाईल म्हणून परत ठेवली.

मागून एक मोठा ट्रेलर आला, झाम्बियाकडे माल नेणारा. ड्रायव्हरने आमच्याशेजारी थांबवला, खाली वाकून पाहिलं आणि फार प्रश्न न विचारता योजना सांगितली: मी हळू जातो, तुम्ही माझ्या डाव्या अंगाला राहा, ड्रायव्हरच्या केबिनच्या पुढे जायचं नाही आणि ट्रेलरच्या मागे पडायचं नाही. इथे वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे हत्ती आणि आम्ही यांच्यामध्ये अख्खा ट्रक येणार होता. काकांनी इंजिन ऐकलं, मान डोलावली. "दुसऱ्या गिअरमध्ये नेईल, बारा-तेराचा वेग ठेव," असं मला सांगून पुढे झाले.

त्या दोन मिनिटांत मी हत्ती असे पाहिले नाहीत. उजव्या कानाशी डिझेलची घरघर, पायाला इंजिनची धग, चाकांची धूळ तोंडावर. मात्र ट्रेलरच्या खालून, दोन चाकांच्या मधल्या फटीतून, पाय दिसले. आधी खांबासारखे चार, मग आणखी चार, आणि त्यांच्या मधे चार आखूड. मोठ्या पायांची नखं मी मोजू शकले असते. एक पाय उचलला गेला, माझ्या दिशेने वळला, आणि ट्रक एकदम थोडा डावीकडे, आमच्या अंगावर आल्यासारखा सरकला. वरून चित्कार ऐकू आला, इतका मोठा की हँडल माझ्या हातात थरथरलं. मग फटीतून फक्त गवत दिसायला लागलं. अर्धा किलोमीटर पुढे ड्रायव्हरने वेग वाढवला, दोनदा हॉर्न दिला आणि निघून गेला. त्याचे आभार मानायला आम्हाला श्वास नव्हता.

पुढच्या मोकळ्या जागेत, जिथे चारही बाजूंना दूरवर दिसत होतं, आम्ही जेवलो. कडक भाकरी, शेंगांची चटणी, उरलेले मॅग्विन्या. काकांना दिवसभर पुरलेला विषय ज्वारीच होता. इथले लोक ज्वारीचं घट्ट शिजवलेलं बोगोबे खातात, आंबवूनही करतात, हे नाटात खाल्ल्यापासून त्यांच्या डोक्यात बसलंय की इथे भाकरी का नाही.

दुपारचा दुसरा प्रसंग कमी गोंगाटाचा आणि जास्त भीतीचा. ऊन तिशीत गेलेलं, वारा पडत आलेला. काका एकदम थांबले. "अगं, वास येतोय." समोर रस्ता रिकामा. उजवीकडे रान, त्यात काही नाही. आम्ही दोघंही पाहतोय, दिसत काहीच नाही, आणि वास वाढतोय, नेहमीच्या लिदीपेक्षा तीव्र. मी पुढे जाऊ म्हटलं तर ते म्हणाले, "थांब गं. बेअरिंग जळायला लागलं की धूर नंतर दिसतो." असे आम्ही उभे राहिलो. मग एक झुडूप हललं आणि त्याला कान आले. चाळीस पावलांवर एकटा नर. गालावर कानापासून तोंडापर्यंत काळपट ओली रेघ, मागचे पाय आतून भिजलेले. माजावर आलेला नर पुस्तकात असाच दाखवतात. त्याचं आमच्याकडे लक्ष आहे की नाही हे कळेना. काका हळू आवाजात, एकसुरात बोलत राहिले, त्याला आमचा आवाज अचानक येऊ नये म्हणून. बोलत होते ते एसटीच्या डेपोतल्या कुठल्याशा भांडणाबद्दल. सायकली न वळवता, पावलापावलाने मागे, त्याच्याकडे तोंड करूनच आम्ही सरकत गेलो. मग अंतर पडल्यावर वळवल्या आणि एक किलोमीटर उलटे गेलो.

तिथे सावलीत बसून घड्याळ पाहायचं. पाऊण तासाने एक पिकअप आली, दक्षिणेकडे जाणारी. नर रस्ता ओलांडून डावीकडे गेला, असं त्यांनी सांगितलं. आम्ही ती जागा ओलांडली तेव्हा डांबरावर नुसती ओली रेघ होती, नागमोडी, एका कडेपासून दुसरीपर्यंत. डावीकडे न बघता पायडल मारलं.

लेसोमाला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. इथल्या स्मारकापाशी थोडं थांबलो. 27 फेब्रुवारी 1978 ला ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, फौजेने दबा धरून केलेल्या हल्ल्यात बोत्स्वानाचे 15 सैनिक इथे मारले गेले. देशाचं सैन्य उभं राहून तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. मग उताराला सायकली सोडल्या. झाम्बेझीवरचा कझुंगुलाचा पूल 2021 मध्ये सुरू झाला, 923 मीटर लांब, आणि मुद्दाम वळवून बांधलेला, झिम्बाब्वेच्या हद्दीत जायला नको म्हणून. त्याआधी ट्रक तराफ्यावरून पार व्हायचे आणि त्यासाठी दिवसेंदिवस रांगेत उभे राहायचे. रांगेत आमचा ट्रेलर दिसतोय का ते काकांनी पाहिलं. नव्हता. पूल दुसऱ्या दिवसासाठी ठेवून आम्ही डावीकडे कसानेला वळलो.

कसाने गावात रानडुकरं गाढवांसारखी मोकळी हिंडतात. बँकेसमोरच्या हिरवळीवर चार आफ्रिकी डुकरं पुढचे गुडघे टेकून चरत होती, आणि एक बाई त्यांना वळसा घालून एटीएममध्ये गेली. चोबे उद्यानाच्या आत सायकल चालत नाही, तिथे होडीने किंवा गाडीने जायचं. ते सकाळी. मुक्काम नदीकाठी, तंबू लावायच्या जागेवर. काउंटरवरच्या बाईंनी पावती फाडता फाडता सांगितलं: रात्री पाणघोडे चरायला वर येतात. संडास तिकडे, शंभर पावलांवर. टॉर्च आधी चारी बाजूंना फिरवायचा, मग बाहेर पडायचं, आणि पाणघोडा व नदी यांच्या मधे यायचं नाही.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. संडासाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग विचारलं, "संडास आत असलेली खोली आहे का? कितीला?"

होती. आम्ही जास्तीचे पुला मोजले आणि सायकलीसुद्धा खोलीतच घेतल्या.